उपाशीपोटी

गळ्याशप्पथ सांगतो, असं म्हणालो
आणि डॉक्टर नेस्तान हसल्या,
कारण गळ्यावर त्यांनीच घातलेले टाके
अजून ओले होते.

जुंबेर, ऐका, त्या म्हणाल्या.
इथं एक फुलपाखरू बसलेलं असतं, तुमचं आम्ही काढलं.
आता त्याचं काम ही गोळी करील.
पहाटे सहाला, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, रोज.
रोज म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

आणि वाइन?
त्यांनी चष्मा काढून पुसला.
वाइनचं आणि गोळीचं तसं वैर नाही.
वैर आहे ते तुमच्या रात्रीचं आणि तुमच्या पहाटेचं.

मी तमादा.
एकतीस वर्षं या अलाझानीच्या खोऱ्यात
मेजवानीच्या टोकाशी बसतो
आणि पेल्यांना बोलायला शिकवतो.
आधी शांततेचा पेला, मग या घराचा,
मग गेलेल्यांचा, उभं राहून, आवाज न करता,
आणि लगोलग लहान मुलांचा,
म्हणजे मरण टेबलाशी रेंगाळत बसत नाही.
तमाद्याला सगळे शब्द येतात, एक ‘नको’ सोडून.
लोक गळ घालतात.
गळ तो गळच, घशात रुततो.

द्राक्षं उतरली त्या आठवड्यात
सोमवारी झोपून राहिलो.
मंगळवारी गोळी घेतली, पण दुपारी, पाव-चीजबरोबर.
बुधवारची उलटीत गेली.
गुरुवारी उधारी फेडावी तशा चार एकदम गिळल्या
आणि संध्याकाळी शिंगातून प्यायलो.
त्या रात्री छातीत कुणीतरी
घोडा सोडून दिला होता.
एतेरी उजाडेपर्यंत हात ठेवून बसली होती,
त्याला थोपटत, नावानं हाका मारत.
माझ्या नावानं.

नाताळात चौथा पेला आठवेना.
शब्द जिभेपर्यंत यायचा आणि बूट काढत बसायचा.
चेहरा सुजलेला, पाय जड, शेकोटीजवळही थंडी.
म्हाताऱ्याला चढली, पोरं म्हणाली.
दोनच पेले झाले होते,
हे फक्त एतेरीला ठाऊक.
झिंगलेला माणूस आणि गोळी चुकलेला माणूस
एकाच शिंप्याकडे कपडे शिवतात,
मागून ओळखू येत नाहीत.

नेस्तानबाईंनी रक्ताचा कागद माझ्यापुढे सरकवला.
गोळी वाढवू, की तुमचे पेले मोजू?
हा कागद मला सांगत नाही.
तुम्हीच सांगा.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे भाषण नव्हतं.

परवा पुतण्याच्या लग्नात बसलो, टोकाशीच.
तिसऱ्या पेल्यानंतर शिंग शेजारच्या बेसोकडे दिलं.
पोरगं घाबरलं. बोललं वाईट, पण बोललं.
गेलेल्यांसाठी मात्र मीच उभा राहिलो.
साडेअकराला घरी. कुणी रुसलं असेल, रुसो.

आज सहाला बशीत गोळी, पेल्यात पाणी.
पाण्यानं शुभ चिंतणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ शिवीच.
तरी मोरीपाशी, अनवाणी, मी पेला उचलला
आणि त्या काढून टाकलेल्या फुलपाखरासाठी
काही बोललो नाही.
गोळी उतरली.

आता अर्धा तास कॉफी नाही.
एतेरी झोपली आहे.
फरशीखाली, जमिनीत पुरलेल्या रांजणात
यंदाचा रस अजून खदखदतोय,
कान दिला तर ऐकू येतो.
मी कान देतो.
अजून बावीस मिनिटं.